मॅग्नेटोतली खळ

हिरामण, तुझी मोटारसायकल सध्या माझ्या पडवीत उभी आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून लिहायला बसलो आहे. आधी तोंड करून बसलो होतो, पण लिहिता येईना. हेडलाइट नसलेली गाडी माणसाकडे बघू शकत नाही, हे मला कळतं. मानेला कळत नाही.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. लोकांचं तुझ्याबद्दल बोलून झालं. भला माणूस, हाताला गुण, एवढ्यात जायला नको होता. मी त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. सगळ्यांना वाटलं, बापूला फार लागलं, एरवी ह्याचं तोंड बंद नसतं. लागलं होतंच. पण गप्प राहायचं कारण वेगळं होतं. मला तुला एक वाक्य सांगायचं होतं, ते मी चार वर्षं पुढं ढकलत आलो, आणि आता तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल अशी भीती होती. तुझ्या अंगणात, शंभर माणसांत, मी म्हणालो असतो की हिरामणची गाडी ओढ्यात बंद पडायची ती माझ्यामुळे, तर तारावहिनींनी मला काय केलं असतं?

तर आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊक असलेलंही सांगतो. मधे बोलायला तू नाहीस, ह्याचा एवढा तरी फायदा घेऊ दे.

पडघ्याच्या त्या शेतकऱ्याकडे तू पंपाचं इंजिन बघायला गेलास, तो शुक्रवार होता. म्हणून तर मी सोबत आलो. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. सहा दिवस कानात खटखट भरलेली असली की सातव्या दिवसाची शांतता अंगावर येते. आमच्या गल्लीत शुक्रवारी बायका उगाच भांडी आपटायच्या, पुरुष विनाकारण मोठ्यानं बोलायचे. तू आणि मी गाव सोडून पळायचो.

इंजिन दुरुस्त झालं आणि तू हात पुसायला चिंधी शोधत गोठ्यात शिरलास. पेंढ्याखालून एक हँडल बाहेर आलं होतं. पूर्वी पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायला आलेला कुणी गोरा इंजिनियर ती गाडी ठेवून गेला होता, परत येतो म्हणून. आला नाही. आपण पेंढा बाजूला केला. उंच उचललेले मडगार्ड, सायकलीला शोभेल एवढीशी सीट, नांगरल्यासारखे दाते असलेले टायर, आणि सायलेन्सर असा वर वळवलेला की जणू गाडीनं पाण्यात उतरण्यापूर्वी धोतर खोचलंय. शेतकरी म्हणाला, पंपाच्या कामाच्या बदल्यात ही पीडा घेऊन जा. पीडा हा शब्द त्याचा, माझा नव्हे.

सीटखालच्या डब्यात एक पुस्तिका निघाली. तीत टाय लावलेला, कॅप घातलेला एक गोरा माणूस अशाच गाडीवर उभा राहून दगडगोट्यांतून चाललेला. मी मॅट्रिक, म्हणून इंग्रजी वाचायचं माझ्याकडे. डिक्शनरी घेऊन दोन दिवसांनी मी तुला अर्थ सांगितला. ही शर्यत वेगाची नाही. ओढ्यातून, खडकांवरून, चिखलातून माणसाच्या चालीनं जायचं, आणि पाय टेकवायचा नाही. टेकवला की एक गुण गेला.

“मंग जिंकतो कोन?” तू विचारलंस.

“जो पाय टेकवत नाही तो.”

तू बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिलास. मग म्हणालास, “हे आपलं काम हाय, बापू.”

आणि खरंच ते तुझंच काम होतं. तू लूमचा फिटर. केसाएवढा फरक हातानं पकडणारा माणूस. मी सायझिंगच्या कारखान्यात खळीच्या टाकीवर. म्हणजे आमच्याकडे सूत लूमवर चढण्याआधी चिंचोक्याच्या खळीत बुडवून वाळवतात, त्यानं ते ताठ होतं आणि तुटत नाही. मोटारसायकलीचं मला एवढंच माहीत होतं की ती पडली तर माणूसही पडतो.

दोन पावसाळे आपण ती उभी करत होतो. वायरी सायकलच्या ब्रेकच्या. सीटला लूमच्या पट्ट्याचं चामडं. पिस्टनच्या रिंगा दुसऱ्याच कुठल्या इंजिनाच्या, कानशीनं घासून बसवलेल्या. माझ्या कामगिऱ्या तुला आठवत असतील. मी गिअरबॉक्समध्ये तेल ओतलं, ते साखळीच्या डब्यात गेलं आणि तिथून तुझ्या पँटवर. एकदा तू मला टायमिंग लावायचा मान दिलास. ठिणगी कधी पडायची हे ठरवणं म्हणजे टायमिंग, हे मला कळलं होतं. पिस्टन वर येत असताना की खाली जात असताना, एवढंच लक्षात राहिलं नव्हतं. मी मोठ्या ऐटीत किक मारली. किक उलटी आली आणि मी कापसाच्या वेस्टच्या ढिगात जाऊन पडलो. तू आधी गाडीला काही झालं का ते बघितलंस.

तुझे कान लूमनं खाल्ले होते. पण इंजिन तू ऐकायचास. लूमचा लाकडी धोटा, तोच जो सूत घेऊन इकडून तिकडे धावतो, त्याचं एक टोक इंजिनाला लावायचास आणि दुसरं दातांत धरायचास. डोळे मिटायचास. आवाज तुझ्या कवटीत जायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. मग तू डोळे न उघडता, धोटा न काढता, एका बोटानं इंजिनाच्या पोटावर एक जागा दाखवलीस. आपण ती उघडली आणि तिथं चिरलेली बेअरिंग निघाली. त्यानंतर मी हसलो नाही. उलट, तू धोटा दातांत धरलास की मी जरा लांब उभा राहायला लागलो. हा माणूस मला लावून ऐकेल तर त्याला काय ऐकू येईल, असं वाटायचं.

शेवटी राहिला मॅग्नेटो. बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारा तो छोटा गोळा. त्याच्या आतली तार जळलेली होती. भिवंडीत मोटार वाइंडिंगवाले पुष्कळ, पण एवढी बारीक तार गुंडाळायची तयारी फक्त रशीदभाईंनी दाखवली. “ये तार नहीं है, मेरी दादी के सर का बाल है,” असं म्हणत आठ दिवस लावून त्यांनी ती गुंडाळली. त्याच संध्याकाळी ते महिन्यासाठी मुलुखाला निघाले होते. जाताना माझ्या हातात एक बाटली दिली. खास वॉर्निश. तीन हात लावायचे, प्रत्येक हात उन्हात वाळवायचा. ओल अजिबात शिरता कामा नये.

बाटली सायकलच्या कॅरिअरला बांधून मी निघालो. धामणकर नाक्यावर समोरून सुताच्या बाचक्यांची हातगाडी आली, मी सायकल वळवली, आणि बाटली रस्त्यावर. खरं म्हणजे मी वळवली नाही. मी समोरच्या दुकानातल्या आरशात केस बघत होतो.

आता शहाणा माणूस काय करेल? हिरामण, बाटली फुटली, असं सांगेल. तू मला एक शिवी दिली असतीस आणि विषय संपला असता. पण टायमिंग, तेल, पँट, सगळं ताजं होतं. मला एक काम तरी धड केलेलं दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी टाकीजवळ उभा होतो. खळ शिजत होती. तपकिरी, चकचकीत. वाळली की काचेसारखी कडक होते. सुताला एवढं बळ देते तर तारेला का नाही देणार? मी पळीभर काढली, तीन हात लावले, उन्हात वाळवले. काय सुंदर दिसत होतं ते. तू हातात घेऊन निरखलंस आणि म्हणालास, “बापू, हे मातर तू झकास केलंस.”

तुझ्या तोंडून मला मिळालेली ही एकुलती एक शाबासकी. ती मी खळीवर मिळवली.

पडघ्याच्या पुढं, हमरस्ता सोडून टेकडीमागं तो ओढा. उन्हाळ्यात नुसते गोटे आणि मधेच एक डोह. डोह ओलांडला की चढ, आणि चढाच्या तोंडाशी तो काळा सपाट दगड. आजूबाजूला झाडं होती, पाचोळा सगळीकडे पडलेला होता. त्या दगडावर नव्हता. हे मी पहिल्या दिवशी बघितलं, पण वाऱ्यानं उडाला असेल असं धरून चाललो. वारा नव्हता.

तू गाडीवर उभा राहिलास. टक टक टक टक, बैलाच्या चालीनं गाडी निघाली. गोट्यांवरून तू असा जात होतास की मला तो टायवाला गोरा फिका वाटला. डोहातून पाणी उडवत बाहेर आलास, चढाला लागलास, पुढचं चाक त्या दगडावर चढलं, आणि इंजिन गेलं. फडफड नाही, खोकला नाही. दिवा मालवावा तसं. तुला पाय टेकवावा लागला.

चढावर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. ती उठून उभी राहिली.

“त्या दगडावर कोन पाय देत न्हाय, बाला,” ती म्हणाली. “डोक्यावर मोळी असली तरी ओलांडून जातंव आमी. पाय देऊन थांबला त्याला त्यो मोजतो.”

तू हसलास. “मोजून काय करतो गं, आये?”

“ते मना कशाला इचारतस? तू उभा हायस त्याच्यावर. त्याला इचार.”

त्या दिवशी गाडी तासाभरानं चालू झाली, आणि घरापर्यंत कुरकुरली नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच ओढा, तोच दगड. त्याच्या पुढच्या खेपेलाही. नाशिक रस्त्यावर गाडी चालते, शेतात चालते, दुसऱ्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात चालते. इथंच मरते. तिसऱ्या वेळी तू तिथल्या तिथं धोटा काढलास, मला किक मारत राहायला सांगितलंस, आणि मॅग्नेटोला लावून डोळे मिटलेस. मी किक मारत होतो आणि घाम माझ्या डोळ्यांत जात होता.

“बापू,” तू म्हणालास, “आत कायतरी वलं वाजतंय.”

तेव्हा मला कळलं. डोहाचं पाणी उडतं, आत ओल शिरते, खळ ती पिते आणि ठिणगी खळीतून पळून जाते. एका क्षणात सगळं लख्ख कळलं. आयुष्यात मोटारसायकलीतला एकच दोष मी स्वतः शोधून काढला, आणि तो मीच घातलेला होता. मी तोंड उघडलंही. पण तू आधी बोललास.

“मॅग्नेटो नसनार. वॉर्निश तू लावलंस ना? मंग तिकडं बघायलाच नको.”

हिरामण, तू त्याऐवजी मला त्या डोहात बुडवलं असतंस तर चाललं असतं.

नंतर तू कार्बोरेटर सात वेळा खोललास. टाकी धुतलीस. प्लग बदललेस. गाडी वापीच्या बाजूच्या कुणा जाणत्याकडे न्यायचं ठरवलंस आणि मी पाय दुखतो म्हणून मोडता घातला. एक दिवस तारावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की भावजी, हे जेवताना गप्प असतात, विचारलं तर म्हणतात मला ऐकू येईनासं झालंय. तुझे कान आधीच गेलेले. दातांवर तुझा भरवसा होता, तोही मी काढून घेतला. हे कळूनही मी त्यांना म्हणालो, वहिनी, त्या जागेतच काहीतरी आहे. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि विषय बंद केला.

म्हणजे दगडाचं भूत मी पाळलं. म्हातारीनं फक्त दाखवलं, दाणापाणी मी घातलं.

मग गाडी काही महिने झाकलेली राहिली. पावसाळा गेला. दिवाळीनंतर तू एकदम आलास आणि म्हणालास, चल ओढ्यावर. चौथी वेळ. गाडी दगडावर चढली, मेली, तू पाय टेकवलास. पण आता तू वैतागला नाहीस. दगडाकडे बघून म्हणालास, “घे. मोज.” आणि मग तसाच, एक पाय दगडावर ठेवून, माझ्याकडे बघत थांबलास. चांगली पाचदहा मिनिटं. तिथं एक टिटवी ओरडत होती, ती थांबली. लूममधली माणसं आवाज न काढता ओठांनी बोलतात, तसे तुझे ओठ हलल्यासारखे वाटले, पण शब्द झाला नाही. मला वाटलं, ह्याला आता लागलं. ह्या जागेनं धरलं ह्याला. मी काहीतरी बाष्कळ बोललो. गोरा इंजिनियर गाडी परत मागतोय, असं काहीतरी.

पाचव्या वेळी तेच. सहाव्या वेळी तेच. घे, मोज. आणि मग माझ्याकडे बघणं. घरी मी झोपेत दचकायला लागलो. एवढ्या वर्षांत तू ते “मोज” फक्त तिथं म्हणालास, पण मला ते सायझिंगच्या रोलरमधून ऐकू यायचं. सातव्या वेळी म्हातारी आली होती. तुझा पाय दगडाला लागल्यावर तिनं शेळ्या वळवल्या आणि आपल्याकडे न बघता म्हणाली, “सात झालं.” म्हणजे तीही मोजत होती.

ह्या पावसाळ्याच्या शेवटी तुला कावीळ झाली.

मी डॉक्टर नाही. कावीळ पाण्यानं होते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पण मी तुझ्या खाटेजवळ बसलो होतो आणि तुझे पिवळे डोळे माझ्यावर होते, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता : पाय दगडावर पडला, कारण इंजिन मेलं. इंजिन मेलं, कारण खळ. तारावहिनी पाणी आणायला आत गेल्या. तू माझा हात धरलास. हात गरम होता, पण त्यात जोर होता.

“बोल,” तू म्हणालास.

“काय बोलू?”

“जे हाय ते. बोल आता.”

आणि मी तुला आमच्या नव्या सुपरवायझरची गोष्ट सांगितली. तो खळीच्या टाकीत चष्मा पडला म्हणून वाकला आणि दातांची कवळीही पडली, ती गोष्ट. खळीचीच गोष्ट सांगितली रे. शब्द तोंडात होता. तू हसलास. खूप हसलास, खोकला येईपर्यंत. मग तोंड भिंतीकडे केलंस. मला वाटलं दमलास. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

परवा वहिनींनी मला बोलावलं. गाडी घेऊन जा म्हणाल्या. “अंगणात उभी असली की असं वाटतं, आत्ताच कोनीतरी उतरून आत आलंय. मी पान्याचा तांब्या घेऊन बाहेर येते आणि मंग आठवतं.” मी गाडी काढायला हात लावला तर टाकी कोमट. ऊन लागलं असेल म्हणालो. वहिनी म्हणाल्या, ह्या कोपऱ्यात ऊन येत न्हाय भावजी. मी गाडी ढकलतच घरी आणली. बसायची हिंमत झाली नाही.

मी ठरवलं होतं की निदान आता तरी ती खळ खरवडून काढायची आणि खरं वॉर्निश लावायचं. तुझ्या माघारी का होईना, गाडी नीट करायची. मॅग्नेटो सोडवला, झाकण काढलं, आणि आतली गुंडाळी हातात घेतली. खळ नव्हती. पक्कं, लालसर, कडक वॉर्निश. माझ्या हातचं नव्हे. एवढं सारखं लावायला माझे हात दोन जन्म शिकले नसते.

तसाच उठून रशीदभाईंकडे गेलो. ते एका मोटारीच्या पोटात हात घालून बसले होते. मी गुंडाळी समोर धरली. त्यांनी चष्मा वर केला.

“तो आख़िर खोला तूने,” ते म्हणाले. “हिरामण ले के आया था मेरे पास. बहुत पहले, तीसरी बार बंद पड़ी उसके बाद. मैंने खुरच के देखा, चाट के देखा. चिंचोका. वो तो यहीं ज़मीन पे बैठ के हँसा, आँख में पानी आने तक.”

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं.

“मैं बोलने वाला था तुझे. उसने मना किया. बोला, रशीदभाई, उसको ख़ुद बोलने दो. आज नहीं तो कल बोलेगा.” मग त्यांनी चष्मा खाली केला आणि पुन्हा मोटारीत हात घातला. “बोला तू?”

मी गुंडाळी घेऊन बाहेर आलो. लूम चालू होते, सबंध रस्ता थरथरत होता, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तीन वेळा खळीनं गाडी मेली. उरलेल्या चार वेळा आत खळ नव्हती. मग काय होतं? एक म्हणजे, दगड. म्हातारी खरी, आणि त्या जागेला सुक्या वॉर्निशाचंही काही पडलेलं नाही. दुसरं म्हणजे, तू. चढावर क्लच जरासा झटक्यानं सोडला की चालीनं चाललेलं इंजिन मरतं, आणि तुझ्या हाताचा बेत मला ठाऊक आहे. तू चार वेळा मुद्दाम गाडी मारलीस, पाय टेकवून गुण घालवलास, आणि माझ्याकडे बघत थांबलास. एका वाक्यासाठी.

हिरामण, खरं सांगतो, मी मनातून दगडाच्या बाजूला होतो. भूत असलेलं बरं होतं. भुताचं आपण काही देणं लागत नाही.

म्हणून मॅग्नेटो बसवला आणि काल गाडी ओढ्यावर नेली. दगडावर बंद पडली तर दगड. पुढं गेली तर तू. भर दुपार होती. ओढ्यात कुणी नव्हतं, म्हातारी नाही, शेळ्याही नाहीत. पाचोळा होता, आणि दगड स्वच्छ. मी कसा चालवतो तुला माहीत आहे. त्या पुस्तिकेच्या हिशेबानं डोहापर्यंतच माझे तीसेक गुण गेले असतील. डोहात शिरलो, पाणी गुडघ्यापर्यंत उडालं. चढाला लागलो आणि देवाशपथ, मी म्हणत होतो, मर, मर, मर. पुढचं चाक दगडावर चढलं. मागचं चढलं. टक टक टक टक. एक ठोका चुकला नाही. गाडी मला घेऊन सरळ वर गेली.

म्हणजे तू.

वर जाऊन वळलो आणि परत खाली आलो. का ते मला सांगता येणार नाही. दगडावर गाडी उभी केली, न्यूट्रल केली, आणि दोन्ही पाय टेकवले. घे, मोज, म्हणायचं होतं, पण ते शब्द तुझे होते. इंजिन चालूच होतं. बंद करायच्या दांडीची वायर केव्हाच तुटलेली आहे. मी वाकून पेट्रोलचा टॅप बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या थेंबांवर मिनिट, फार तर दोन मिनिटं चालतं, हे तूच शिकवलंस.

दोन मिनिटं झाली. चालूच. मी आकडे मोजायला लागलो. दोनशे, तीनशे. टक टक टक टक, घाई नाही, थकवा नाही, कुणी समोर बसून पाय हलवत वाट बघावी तसं. टॅप पुन्हा तपासला, बंद होता. गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबला असता तर मेलं असतं, हे मला त्याही क्षणी समजत होतं. हात मांडीवरून उठेना. चारशेपुढं मी आकडे सोडले. आजूबाजूला दुसरा आवाज उरला नव्हता. शुक्रवारी भिवंडीत असतं तसं झालं होतं, फक्त हे एक चालू.

मग मी बोललो. मोठ्यानं, तुझ्याशी बोलायला लागायचं तसं, तोंड पूर्ण उघडून. “हिरामण, बाटली माझ्या हातून फुटली. मी वॉर्निश लावलंच नाही. खळ लावली. मला लाज वाटली.”

इंजिन थांबलं. फडफड नाही, खोकला नाही. जरासं मागं टेकलं आणि थांबलं.

किती वेळ बसलो ते माहीत नाही. गाडी हमरस्त्यापर्यंत ढकलत आणली, तिथं एका ट्रकवाल्यानं चढवून घेतली. गाडी ख़राब है क्या, त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. म्हणशील, बापू, खुळा की काय तू, टॅपचं बूच सुकलं असेल, बंद करूनही पेट्रोल झिरपतं, जुन्या टॅपांचं असंच असतं. टाकीतलं संपलं आणि इंजिन थांबलं, तुझ्या बोलण्याशी त्याचा काय संबंध. असेलही. मी येऊन टाकीत डोकावलो नाही. एक नट सैल केला की टॅप हातात येतो आणि बूच सुकलंय की धड आहे, ते दिसतं. पाच मिनिटांचं काम.

मी ते करणार नाही. तुझी पैज टॅपवर, माझी पैज तुझ्यावर. तुला जिंकायचंच असेल तर तूच येऊन उघड. पाना मी टाकीवर ठेवला आहे.